लॅटिनो विद्यार्थ्यांच्या कॉलेजसाठी देणगी: राष्ट्रीय फंड, ड्रीमर्सचा फंड की गावातली संस्था?

ह्यूस्टन, डॅलस, सॅन होजे, शिकागो. अमेरिकेतली मराठी कुटुंबं जिथे मोठ्या संख्येने राहतात, त्यातली बरीच शहरं लॅटिनो समाजाचीही आहेत. आपल्या मुलांच्या वर्गात, बँडमध्ये, सॉकरच्या टीममध्ये ही मुलं असतात. बारावीपर्यंत सगळी बरोबर चालतात आणि मग वाटा फुटतात. अमेरिकेतल्या पंचविशीपुढच्या लॅटिनो लोकांपैकी साधारण पाचांत एकाकडेच पदवी आहे. शाळेत हुशार ठरलेली मुलंसुद्धा पैशापायी मागे राहतात, आणि हे मला मनापासून अस्वस्थ करतं.

या समाजाशी आपलं नातं तसं जुनं आहे. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेत मजुरी करत शिकले, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, आणि तिथल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं आहे.

हा आढावा वर्षाला पाचशे ते पाच हजार डॉलर देऊ शकणाऱ्या कुटुंबासाठी आहे. संस्था तपासताना मी सगळ्यांना एकच माप लावलं: हे पैसे आले नसते तर त्या मुलाचं काय झालं असतं? संस्थेचं नाव आणि कार्यक्रमांचे फोटो यापेक्षा मला हे उत्तर महत्त्वाचं वाटतं.

हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंड

या क्षेत्रातलं सर्वांत परिचित नाव. १९७५ साली सुरू झालेली ही संस्था देशभरातून अर्ज मागवते. शिष्यवृत्ती साधारण ५०० ते ५,००० डॉलरची असते. शाळेतल्या मुलांना किमान ३.० जीपीए (चारपैकी मिळालेले सरासरी गुण) लागतो, कॉलेजातल्यांना २.५. अर्ज जानेवारीत उघडतात आणि फेब्रुवारीत बंद होतात.

देणगीदाराने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फंडाचा 'स्कॉलर' म्हणून निवड झाली की प्रत्येकाला पैसे मिळतातच असं नाही. उपलब्ध निधीप्रमाणे काहींनाच रक्कम मिळते. पण निवड झालेल्या सगळ्यांना मेंटॉर, करिअरचं मार्गदर्शन, कंपन्यांशी ओळखी यांचा लाभ घेता येतो. पालकांसाठीही सत्रं होतात. ज्या घरात फाफ्साचा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीसाठीचा, फॉर्म कधी कुणी पाहिलेला नाही तिथे अशा सत्राचं मोल मोठं असतं.

जमेची बाजू म्हणजे व्यवस्था पक्की आहे आणि हिशेब उघड आहे. मोठ्या कंपन्यांचा पाठिंबा असल्याने तुमच्या कंपनीचं मॅचिंगही (तुमच्या देणगीत कंपनीने घातलेली भर) इथे सहसा सहज होतं. उणी बाजूही त्यातूनच येते. मोठ्या कंपन्यांच्या देणग्यांमध्ये तुमचे हजार डॉलर मिसळून जातात आणि कुणाला काय मिळालं हे कळत नाही. निवडलेली मुलं बहुधा आधीच चांगल्या कॉलेजच्या वाटेवर असतात. त्यांना मदत लागतेच, पण माझ्या मापाने पाहिलं तर त्यातली बरीच मुलं या पैशांविनाही, जास्त कर्ज काढून का होईना, कॉलेजात गेली असती.

द ड्रीम डॉट यूएस

लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे ज्यांना 'ड्रीमर्स' म्हणतात त्यांच्यासाठी, हा फंड आहे. वॉशिंग्टन पोस्टचे माजी प्रकाशक डोनाल्ड ग्रॅहम त्याच्या संस्थापकांपैकी एक. तो फक्त लॅटिनोंसाठी नाही, पण लाभार्थींत मोठा वाटा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा आहे. आजवर दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना त्याने शिष्यवृत्ती दिली आहे. पदवीच्या शिक्षणासाठी रक्कम ३३,००० डॉलरपर्यंत जाते, आणि ती फंडाने आधीच करार केलेल्या, कमी फीच्या कॉलेजांमध्येच वापरता येते. ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण फीवर आधीच घासाघीस झालेली असते आणि कॉलेजने या मुलांकडे लक्ष देण्याचं कबूल केलेलं असतं.

पैशाचा फरक इथे सर्वांत जास्त का पडतो हे पाहा. गरीब घरच्या अमेरिकन नागरिकाला सरकारी पेल ग्रँट मिळते. २०२५-२६ साठी तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर आहे. कागदपत्रं नसलेल्या मुलाला त्यातला एक डॉलरही मिळत नाही, सरकारी शैक्षणिक कर्जही नाही. बारावीपर्यंत शाळेत जाण्याचा हक्क १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने दिला, पुढचं प्रत्येक राज्याच्या मर्जीवर. टेक्सासने २००१ साली, देशात सर्वांत आधी, या मुलांना राज्यातल्या रहिवाशांइतकी फी लावण्याचा कायदा केला होता. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यावर दावा लावला, राज्य सरकारने विरोध केला नाही, आणि कोर्टाने तो कायदा थांबवला. सॅन अँटोनियोत किंवा मॅकॅलनमध्ये वाढलेल्या मुलाची फी त्यामुळे दुपटी-तिपटीने वाढते. अशा मुलाला शिष्यवृत्ती मिळाली नाही तर तो बहुधा कॉलेजात जातच नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्या घरांना ही घालमेल परकी नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत मूल एकवीस वर्षांचं झालं की त्याचा अवलंबित दर्जा संपतो. त्या मुलांचे नियम वेगळे आहेत आणि हा फंड त्यांच्यासाठी नाही, पण वाढलो तो देश आपला नाही असं ऐकावं लागणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे.

मात्र धोकाही समजून घेऊन मगच द्या. या मुलांचं भविष्य धोरणावर लटकलेलं असतं. पदवी मिळाली तरी काम करण्याचा परवाना मिळेलच असं नाही. मला यात देणगी न देण्याचं कारण दिसत नाही, पण घरात दोघांनी मिळून निर्णय घेत असाल तर हे आधी बोलून घ्या.

गावातल्या छोट्या संस्था

१९२९ साली टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टीत स्थापन झालेली लुलॅक ही लॅटिनोंची जुनी नागरी हक्क संघटना. तिच्या शिष्यवृत्तीची पद्धत मला आवडते: गावातली कौन्सिल स्वतः पैसे उभे करते, त्यात राष्ट्रीय पातळीवर कंपन्यांकडून आलेल्या पैशांची भर पडते, आणि विद्यार्थी आपल्याच भागातल्या कौन्सिलकडे अर्ज करतात. रक्कम छोटी असते, काही वेळा अडीचशे डॉलरच. पण निवड समितीतल्या माणसांना ते घर, ती शाळा माहीत असते.

सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७७ पासून चिकाना लॅटिना फाउंडेशन मुलींसाठी काम करते. तिथे शिष्यवृत्तीला नेतृत्व प्रशिक्षणाची जोड आहे आणि आधीच्या मुली पुढच्या बॅचना हात देतात. पैसे आणि वेळ दोन्ही देऊ इच्छिणाऱ्यांसाठी अशी संस्था उत्तम. अर्ज वाचायला, निबंध तपासायला, मुलाखतीची तयारी करून घ्यायला स्वयंसेवक लागतातच. आयटीत, औषध कंपन्यांत, विद्यापीठांत काम करणारे आपले लोक हे सहज करू शकतात.

छोट्या संस्थांची अडचण म्हणजे सातत्य. एक चांगला संचालक गेला की काम ढेपाळतं. म्हणून आयकर खात्याकडे भरलेला त्यांचा फॉर्म ९९० मागे तीन वर्षांचा तरी पाहा. तो सार्वजनिक असतो. शिष्यवृत्तीवर किती गेले आणि समारंभांवर किती, हे त्यात दिसतं.

कम्युनिटी कॉलेजचं स्वतःचं फाउंडेशन

चौथी वाट बहुतेकांच्या मनातही येत नाही, आणि मला ती सर्वांत जास्त पटते. कॉलेजात जाणाऱ्या लॅटिनो विद्यार्थ्यांचा फार मोठा हिस्सा कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, असतो. कॅलिफोर्नियात तिथली फी युनिटमागे ४६ डॉलर आहे, म्हणजे पूर्णवेळ १२ युनिटांचे सत्राला ५५२ डॉलर, आणि गरीब घरच्या मुलांना तीही माफ होते. मग मुलं गळतात का? घरभाडं, गाडीचं पेट्रोल, पुस्तकं, धाकट्या भावंडाची देखभाल. गाडी बंद पडली, दुरुस्तीला सहाशे डॉलर लागले, आठवडाभर कामावर जाता आलं नाही आणि सत्र सुटलं. एकदा सुटलेलं सत्र पुन्हा धरणं किती अवघड असतं, हे कॉलेजातला कोणताही समुपदेशक सांगेल.

बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांच्या फाउंडेशनमध्ये अशा अडचणींसाठी तातडीचा मदत निधी असतो. तिथे हजार डॉलर म्हणजे दोन-तीन विद्यार्थ्यांचं सत्र वाचणं. यात तुमचं नाव कुठे लागणार नाही, आभाराचं पत्रही कदाचित यायचं नाही.

पैसे खरंच मुलाच्या हाती पडतात का?

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं स्वतः दिलेली मदत तेवढ्याने कमी करतात. तुमचे दोन हजार डॉलर मुलाच्या खात्यात जमा होतात, कॉलेज आपले दोन हजार काढून घेतं, मूल होतं तिथेच राहतं. मेरिलँडने २०१७ साली सरकारी कॉलेजांत यावर बंधन आणलं; कॅलिफोर्नियाने २०२२ साली गरीब विद्यार्थ्यांसाठी तसा कायदा केला. इतरत्र संस्थेला थेट विचारा: कॉलेजने मदत कापली तर तुम्ही काय करता? चांगली संस्था रक्कम पुढच्या वर्षावर ढकलते, किंवा आधी कर्ज आणि कामाचे तास कमी करण्यासाठी कॉलेजशी बोलते. या प्रश्नावर गोंधळणाऱ्या संस्थेला मी पैसे देणार नाही.

दुसरा प्रश्न पात्रतेचा. जानेवारी २०२५ मध्ये मॅकडॉनल्ड्सच्या हासेर या लॅटिनो शिष्यवृत्तीवर वंशभेदाचा दावा लागला आणि काही दिवसांतच पात्रतेची भाषा बदलून तडजोड झाली. अनेक संस्था आता वंशाऐवजी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणं, उत्पन्न, भाग, लॅटिनो समाजासाठी केलेलं काम असे निकष लावतात. हेतू शाबूत ठेवून भाषा सावधपणे लिहिणाऱ्या संस्थेचे पैसे कोर्टात अडकण्याची शक्यता कमी.

आजीच्या नावाने शिष्यवृत्ती

हा मोह आपल्याकडे मोठा आहे, आणि तो चुकीचा नाही. पण गणित पाहा. २५,००० डॉलरचा कायम निधी ठेवला आणि त्यातले दरवर्षी ४ टक्के वाटले तर हाती येतात १,००० डॉलर. तेच पंचवीस हजार पाच वर्षांत थेट वाटले तर दरवर्षी पाच हजार होतात. स्वतःचं खासगी फाउंडेशन काढलंत तर शिष्यवृत्तीच्या पद्धतीला आयकर खात्याची आगाऊ मंजुरी लागते. डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडातून (देणगीसाठी आधीच बाजूला ठेवलेलं, दुसऱ्या संस्थेकडचं खातं) थेट विद्यार्थ्याला पैसे देता येत नाहीत. आणि ओळखीच्या मुलाची फी परस्पर भरलीत तर ती देणगी धरली जात नाही, करसवलत नाही. नाव हवंच असेल तर कम्युनिटी कॉलेजच्या फाउंडेशनला चार-पाच वर्षांची वार्षिक शिष्यवृत्ती देऊन सुरुवात करा.

मग कुणी कुठे?

वेळ नाही, कंपनीचं मॅचिंग मोठं आहे आणि व्यवस्थेवर विश्वास हवा, तर हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंड. एका मुलाला कॉलेजच्या दारातून आत नेणारी रक्कम द्यायची असेल आणि धोरणाची अनिश्चितता पेलत असेल, तर द ड्रीम डॉट यूएस. टेक्सासमध्ये राहत असाल तर मी इथेच देईन. शनिवारचे दोन तास काढू शकत असाल तर गावातली संस्था. आणि हजारच डॉलर असतील, तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा तातडीचा निधी, तोही शक्यतो सप्टेंबर किंवा फेब्रुवारीत, कारण सत्राच्या मध्यावर त्याला सर्वाधिक मागणी असते. करांसाठी डिसेंबरची वाट पाहायची सवय असेल तर एक बदल लक्षात घ्या: २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन (खर्चांची यादी न देता मिळणारी ठरावीक करवजावट) घेणाऱ्यांनाही रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडात टाकलेले पैसे मात्र त्यात धरले जात नाहीत.