पिग्मी की आवर्ती ठेव?

उडुपीत स्थापन झालेल्या सिंडिकेट बँकेने 1928 साली पिग्मी ठेव (एजंटाकडे रोज थोडी थोडी रक्कम जमा करण्याची योजना) सुरू केली, तेव्हा रोज अवघे दोन आणेही भरता येत असत. आज महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत संध्याकाळी दुकानोदुकानी फिरणारा पिग्मी एजंट हा त्याच कल्पनेचा वारसदार आहे. भाजीवाल्याच्या गल्ल्यातून रोज 50 रुपये बाजूला पडले, तर वर्षाअखेरीस 18,250 रुपये जमतात, आणि ही रक्कम एकदम काढून ठेवण्याची ताकद त्याच्यात बहुधा कधीच नसते.

टपाल खात्याची आवर्ती ठेव, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरण्याची योजना, महिना 100 रुपयांपासून पाच वर्षांसाठी उघडता येते. तिचे व्याज सहसा पिग्मीपेक्षा सरस असते, मात्र हप्त्याच्या तारखेपर्यंत पैसे हातात टिकवावे लागतात, आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला तेच सर्वांत अवघड जाते. पगारदाराने म्हणूनच आवर्ती ठेव निवडावी. रोकड हाताळणाऱ्याला मी पिग्मीच सुचवेन, कारण दारात उभा राहणारा एजंट (कधीकधी नकोसा वाटला तरी) सवय मोडू देत नाही. मात्र पिग्मी खाते पतसंस्थेत असेल, तर त्या ठेवींना बँकांतील ठेवींप्रमाणे पाच लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण नसते, हे ध्यानात घेऊन खाते शक्यतो बँकेतच उघडावे आणि पासबुकातील नोंदी नियमितपणे तपासाव्यात.