दांडिया बाजारातील एक को-वर्किंग: दिवसा उत्तम, रात्री बेभरवशाचे
अमेरिकेतील संशोधकांसाठी अनुदानाचे प्रस्ताव लिहिण्याचे माझे स्वतंत्र काम असल्याने बडोद्यातील ही जागा मी तीन महिने वापरली. एनआयएच (अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था) हिच्या आर-०१ या संशोधन-अनुदानाच्या प्रस्तावात उद्दिष्टांना १ आणि संशोधन-योजनेला १२ पाने मिळतात; एक ओळ जास्त झाली तरी अख्खा परिच्छेद पुन्हा बांधावा लागतो, आणि त्यासाठी इथली शांतता व कोपऱ्यातले रुंद टेबल फार उपयोगी पडले. मात्र न्यूयॉर्कमधील संस्थेची सायंकाळी ५ ची मुदत उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री अडीचला संपते, आणि दारावर ‘२४ तास’ अशी पाटी असूनही पहारेकऱ्याने एकदा अकरालाच वायफाय बंद केले. उरलेले काम मी जिन्यात बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उरकले. चहा फार गोड, अगदी बडोद्याच्या मानानेही. महिन्याचे पैसे आगाऊ भरू नयेत. दिवसाचा पास पुरेसा आहे.