खऱ्या चांदीतही फसवणूक होते: परदेशी नाण्यांच्या एका लॉटची तपासणी

"जुनी परदेशी नाणी, सोनं-चांदी मिश्र, घराण्यात जपलेली" अशा वर्णनाने विकल्या गेलेल्या एका लॉटची ही हकीकत आहे. घेणाऱ्याने फोटो पाहिले, "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" हे ऐकून घाईघाईत सगळे पैसे आगाऊ पाठवले आणि नाणी हातात आल्यावर ती तपासायला दिली. तपासणीत जे निघालं ते इतरांच्या कामी यावं म्हणून नाण्यागणिक लिहितो आहोत.

मुद्दा असा की या लॉटमधल्या बऱ्याच वस्तू बनावट नव्हत्याच. त्या अस्सल होत्या, पण त्यांना चिकटवलेलं नाव, साल किंवा धातू खोटा होता. बनावट नाण्यापासून सावध राहा असं सगळे सांगतात. अस्सल वस्तूला खोटी ओळख देऊन विकतात, याबद्दल फार कमी बोललं जातं. अशी वस्तू चुंबकाची, वजनाची, कसाची परीक्षा पास होते आणि घेणारा निश्चिंत होतो.

सगळ्यात मोठं, देखणं नाणं होतं ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा या सम्राज्ञीचा थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं. वर्णन होतं, "१७८० चं अस्सल नाणं". नाण्यावर १७८० आहेच. पण ही सम्राज्ञी नोव्हेंबर १७८० मध्ये वारली आणि व्यापाऱ्यांचा या नाण्यावर इतका विश्वास होता की तेच साल कायम ठेवून ते पुढेही पाडलं गेलं. व्हिएन्नात तर पाडलं जातंच, पण विसाव्या शतकात रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, बर्मिंगहॅम आणि मुंबईच्या टांकसाळींतूनही ते निघालं आहे. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी हजारात ८३३, व्यास साधारण ४० मिलिमीटर, कडेवर न्याय आणि दया या अर्थाची लॅटिन अक्षरं. हे सगळं नव्या नाण्यातही तंतोतंत असतं. सम्राज्ञीच्या चित्राखालची एस. एफ. ही अक्षरं दाखवून विक्रेते "ही गुन्झबुर्ग टांकसाळीची मूळ खूण" म्हणतात. खूण मूळची तिथलीच, पण नंतरच्या सगळ्यांनी ती जशीच्या तशी उचलली, त्यामुळे तिने काहीही सिद्ध होत नाही. गरुडाच्या शेपटीची पिसं, ब्रोचवरचे मोती, मुकुटाची ठेवण, अक्षरांमधलं अंतर यांच्या बारीक फरकांवरून टांकसाळ ओळखतात. तो अभ्यास नसेल तर या नाण्याची किंमत त्यातल्या चांदीइतकी धरावी.

यानंतर "सोन्याची गिनी, १७९७". इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची, मागच्या बाजूला टोकदार ढाल असलेली खरी गिनी १७८७ ते १७९९ या काळातली. तिचं वजन ८.३५ ग्रॅम, व्यास सुमारे २४ मिलिमीटर, सोनं २२ कॅरट. लॉटमधलं नाणं पितळी, त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचं. मागच्या बाजूला राजाच्या लांबलचक पदव्यांची आद्याक्षरं हवीत, तिथे "इन मेमरी ऑफ द गुड ओल्ड डेज" असं इंग्रजी वाक्य होतं. ही एकोणिसाव्या शतकात पत्त्यांच्या खेळात हिशेबासाठी वापरायची टोकनं आहेत. ती जुनी आहेत, जमवण्यासारखीही आहेत, पण ना सोनं ना नाणं. फोटोत वाक्य वाचता येत होतं. ते कुणी वाचलंच नाही, याचं वाईट वाटतं.

तीच गत पातळ पिवळ्या चकतीची. "मध्ययुगीन सुवर्णमुद्रा" म्हणून आलेली ही चकती न्यूरेम्बर्गचं हिशेबाचं जेटन होतं. एका बाजूला मुकुट आणि लिली आळीपाळीने, दुसरीकडे क्रूस असलेला गोळा, भोवती हान्स क्राउविंकेल हे कारागिराचं नाव आणि "देवाच्या आशीर्वादाने समृद्धी येते" या अर्थाचं जर्मन वचन. अशी चकती चारशे वर्षं जुनी असू शकते. रेघा आखलेल्या पाटावर ती मांडून बेरीज-वजाबाकी करत. वय खरं, ओळख खोटी. नाण्यावर राजाचं किंवा राज्याचं नाव आणि मूल्य यांपैकी काहीच सापडत नसेल, तर ते टोकन असण्याची शक्यता आधी तपासायची. खोबणी असलेलं इटालियन टेलिफोन टोकनही लॉटमध्ये "७३०४ सालचं गूढ नाणं" म्हणून आलं होतं. तो आकडा म्हणजे १९७३ चा चौथा महिना.

सालाच्या वाचनातून होणारी फसवणूक जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चालणारी आहे. लॉटमध्ये एक ऑटोमन नाणं "इ. स. १३२७" म्हणून होतं. १३२७ हे हिजरी साल आहे, म्हणजे इ. स. १९०९, आणि तेही नाणं पाडल्याचं नाही. सुलतान पाचवा मेहमेद गादीवर आला त्या वर्षाचं. प्रत्यक्ष वर्ष त्याच नाण्यावर वेगळ्या लहान आकड्यात असतं. तिथे ४ असेल तर १९०९ मध्ये ४ मिळवून १ वजा करायचा, म्हणजे १९१२. शिवाय नाणं निकेलचं होतं, आणि निकेल हा धातू १७५१ पर्यंत कुणी वेगळा काढलाच नव्हता. अरबी आकडे वाचताना मराठी वाचकाचा हमखास गोंधळ होतो तो पाचावर: तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. हिजरी साल इसवीत आणायचं तर ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, एखाद्या वर्षाच्या फरकाने बरोबर येतं. इराणच्या सौर सालात ६२१ मिळवायचे, थायलंडच्या अलीकडच्या नाण्यांच्या बौद्ध सालातून ५४३ वजा करायचे, नेपाळच्या विक्रम संवतातून ५६ किंवा ५७. जपानच्या मेइजी सम्राटाच्या राजवटीच्या वर्षात १८६७ मिळवले की इसवी साल.

आता खरोखरच्या बनावटीकडे. लॉटमध्ये तीन अमेरिकी ट्रेड डॉलर होते. या नाण्यावरच "४२० ग्रेन, ९०० फाइन" लिहिलेलं असतं, म्हणजे २७.२२ ग्रॅम. व्यास ३८.१ मिलिमीटर. चलनासाठीची नाणी १८७३ ते १८७८ याच काळात पाडली गेली. पुढे १८८५ पर्यंत फक्त प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी. एका नाण्यावर १८७३ च्या आधीचं साल होतं, म्हणजे तिथेच विषय संपला. दुसरं चुंबकाला चिकटलं, कारण आत लोखंड. तिसऱ्याचं वजन जवळपास बरोबर होतं आणि खरी कसोटी तिथेच लागली.

पाण्यातली घनता घरी मोजता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं पातळ धाग्याने बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. नाण्याचं कोरडं वजन त्याने भागा. ९०० कसाच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास येते, म्हणजे ट्रेड डॉलर बुडवल्यावर काट्याने २.६४ दाखवायला हवं. या नाण्याने ३.०५ दाखवलं, म्हणजे घनता ८.९. तांबं-निकेलवर चांदीचा मुलामा. आकडा चुकतो तो नाण्याला चिकटलेल्या बुडबुड्यांमुळे. पाण्यात द्रव साबणाचा एक थेंब घाला आणि नाणं हलवून बुडबुडे सोडवा. शिसं मिसळून घनता जुळवणारेही असतात. म्हणून नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारा: चांदी लांब, स्वच्छ वाजते, शिसाळ धातू बद्द वाजतो. तडा गेलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं, तेव्हा एकट्या आवाजावर निकाल देऊ नका. फरशीवर आपटून तर कधीच पाहू नका.

भिंगातून आणखी दोन गोष्टी दिसल्या. खऱ्या ट्रेड डॉलरवर चिनी व्यापाऱ्यांनी परीक्षेसाठी ठोकलेल्या खुणा असतात, त्यामुळे खुणा दिसल्या की लोक विरघळतात. ठोकलेल्या खुणेच्या कडेला धातू उचलला जातो आणि मागच्या बाजूला तेवढाच भाग थोडा दबतो. इथे मागची बाजू ठणठणीत होती आणि खुणेच्या तळाशी बाकी पृष्ठभागासारखेच बारीक खड्डे होते. खूण ओतताना साच्यातूनच आलेली. दुसरी गोष्ट निर्णायक: गरुडाच्या पंखावरचा एक तिरका ओरखडा पहिल्या आणि तिसऱ्या डॉलरवर अगदी एकाच जागी होता. वापरात पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर सारखा असूच शकत नाही. दोन्ही एकाच खऱ्या नाण्यावरून घेतलेल्या साच्यातली. एकाच विक्रेत्याकडे एकाच प्रकारची दोन नाणी असतील तर त्यांचे फोटो शेजारी ठेवून फक्त खोचे आणि ओरखडे जुळवा. अमेरिकी नाण्यांबाबत आणखी एक: नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं की मागचं चित्र डोक्यावर उभं दिसायला हवं. सरळ दिसलं तर संशय घ्या.

चुंबकाचा निकाल मात्र आंधळेपणाने मानू नये. १९६० पासूनचा फ्रान्सचा एक फ्रँक शुद्ध निकेलचा असल्याने अस्सल असूनही चिकटतो. उलट उदाहरण अमेरिकी सेंटचं: १९४३ मध्ये तो पोलादाचा पाडला गेला, त्यामुळे चुकून तांब्याचा निघालेला फार दुर्मीळ. असा "तांब्याचा १९४३ चा सेंट" चिकटला तर तो २.७० ग्रॅमच्या पोलादी सेंटवर तांब्याचा थर दिलेला असतो. न चिकटणारा, ३.११ ग्रॅमचाही खोटा असू शकतो, कारण १९४८ च्या सेंटमधल्या आठाची डावी बाजू खरवडून तीन करतात. खऱ्या १९४३ च्या तीनची शेपटी बरीच खाली उतरलेली असते. पोलादी सेंट शेजारी ठेवून ताडून पाहा.

एक नाणं ग्रेडिंगच्या प्लास्टिक डबीत होतं, म्हणजे नाण्याचा अस्सलपणा आणि दर्जा तपासणारी कंपनी ज्या डबीत ते बंद करते तशा डबीत. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या यादीत सापडला, म्हणून घेणाऱ्याला दिलासा वाटला. क्रमांक खऱ्या नाण्याचाच असतो, फक्त डबी नकली. यादीत फोटो असेल तर डाग आणि ओरखडे जुळवायचे. फोटो नसेल तर क्रमांकाला पुराव्याचं वजन देऊ नये. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने प्रतिकृतीवर "कॉपी" हा शब्द छापणं बंधनकारक आहे, तो घासून काढलेला असतो. सपाट भागात लहानसा चकचकीत किंवा खोलगट पट्टा दिसला तर तिथेच भिंग लावा.

पैसे देण्याआधी हे मागा: दोन्ही बाजूंचे सरळ फोटो, कडेचा फोटो, नाणं काट्यावर ठेवून वजनाचा आकडा दिसेल असा फोटो, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीमुळे दुसऱ्याचे उचललेले फोटो लगेच उघडे पडतात. या लॉटमध्ये कडेचा एकही फोटो नव्हता. साच्यात ओतलेल्या नाण्याची जोडरेघ आणि ती कानशीने घासल्याच्या खुणा कडेवरच असतात. व्यवहार संकेतस्थळाबाहेर नेऊन थेट पैसे मागणाऱ्याला तिथेच नकार द्या, कारण तक्रारीचं संरक्षण त्याच क्षणी जातं.

फसवणूक झालीच असेल तर नाणी धुऊ-पुसू नका. पाकीट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि संभाषण जपून ठेवा. जाहिरात बहुधा लवकरच काढून टाकली जाते. प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास आणि घनता लिहून फोटोंसकट आधी संकेतस्थळाकडे, मग पैसे ज्या मार्गाने गेले त्या बँकेकडे किंवा पेमेंट सेवेकडे मुदतीच्या आत तक्रार करा. तक्रारीत "नाणं खोटं आहे" एवढंच लिहू नका, "वर्णनात ९०० कसाची चांदी, प्रत्यक्ष घनता ८.९" असं लिहा. विक्रेता "परत पाठवा, मग पैसे देतो" म्हणाला तर नोंद होणाऱ्या टपालानेच आणि तक्रार नोंदवल्यानंतरच पाठवा. परत न गेलेली बनावट नाणी वेगळ्या पाकिटात ठेवून पाकिटावर "बनावट" लिहा आणि वजनही लिहा, म्हणजे उद्या संग्रह दुसऱ्याच्या हाती गेला तरी ती पुन्हा कुणाला खरी म्हणून विकली जाणार नाहीत.