५६ थ्रेडचा सर्व्हर आणि केडेनलाइव्ह: आठ महिन्यांनंतर

सेकंडहँड घेतलेल्या दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर मी गेले आठ महिने केडेनलाइव्ह हा व्हिडिओ संपादनाचा प्रोग्राम वापरतोय. इंटेलचे २०१६ सालचे झिऑन ई५-२६८० व्ही४, प्रत्येकी १४ कोअर, म्हणजे एकूण २८ कोअर आणि ५६ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं). रॅम १२८ जीबी, वर डेबियन लिनक्स. काम व्याख्यानमालेचं: तीन कॅमेऱ्यांनी टिपलेली दीड-दोन तासांची भाषणं कापायची, आवाज जुळवायचा, फाइल आयोजकांना द्यायची.

प्रत्यक्ष कापाकापीत या ५६ थ्रेडचा फारसा उपयोग नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. टाइमलाइनवर मागे सरकलं की एच.२६४ फाइलमधल्या एका फ्रेमसाठी आधीच्या की-फ्रेमपासून (पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासून) सगळं उलगडत यावं लागतं. तिथे एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा, आणि इथे मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो धरून ३.३. भावाच्या साध्या सहा कोअरच्या डेस्कटॉपवर माझा हात जास्त सहज चालतो.

प्रॉक्सी, म्हणजे कापण्यापुरत्या हलक्या प्रती, बनवताना मात्र हे मशीन मनापासून आवडतं. एकाच वेळी किती प्रॉक्सी बनवायच्या, तो आकडा सेटिंगमध्ये वाढवता येतो. मी आठ ठेवलाय. जुन्या हार्ड डिस्कवर आठ फाइली एकदम वाचताना सगळंच रखडायचं; फुटेज वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर हलवलं आणि तो प्रश्न सुटला.

खरा धडा रेंडरने, म्हणजे अंतिम फाइल काढण्याच्या कामाने, दिला. एच.२६५ मध्ये फुल एचडी काढताना एचटॉपमध्ये (कोणता कोअर किती काम करतोय ते दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) अर्धे कोअर नुसते बसलेले दिसत. मला वाटलं, लिनक्सचंच काही चुकतंय. तसं नव्हतं. एक्स२६५ हा एच.२६५ चा एन्कोडर फ्रेमचे ६४ पिक्सेल उंचीचे पट्टे पाडून ते समांतर चालवतो. १०८० ओळींचे पट्टे होतात जेमतेम १७, आणि प्रत्येक पट्टा वरच्यापेक्षा थोडा मागे चालतो. काही फ्रेम एकाच वेळी हाताळल्या जातात, पण त्याही एकमेकींवर अवलंबून. मग ५६ थ्रेडना काम कुठून मिळणार?

म्हणून एक रेंडर जोरात पळवण्याचा नाद सोडला. आता दोन व्याख्यानं एकदम लावतो, एकेका सॉकेटवर, म्हणजे एकेका प्रोसेसरवर, एकेक. केडेनलाइव्हच्या रेंडर खिडकीतून स्क्रिप्ट काढायची आणि नुमासीटीएल (numactl) या कमांडने प्रोसेसर व मेमरी दोन्ही त्याच नोडला (एक प्रोसेसर आणि त्याच्या बाजूची रॅम) बांधून मेल्टने, म्हणजे केडेनलाइव्हच्या मागे चालणाऱ्या रेंडर प्रोग्रामने, चालवायची. एकेक करून काढण्यापेक्षा जोडी बरीच लवकर हातावेगळी होते. पण आधी `numactl --hardware` चालवून बघाच. माझ्याकडे आलेल्या मशीनमध्ये आठही रॅमपट्ट्या एकाच प्रोसेसरच्या बाजूला होत्या आणि दुसऱ्या नोडची मेमरी शून्य दिसत होती. दुसरा प्रोसेसर प्रत्येक फ्रेमसाठी शेजाऱ्याच्या दारात उभा. चार-चार पट्ट्या वाटल्या तेव्हा कुठे दोन्ही रेंडर सारख्या चालीने पळायला लागली.

या झिऑनमध्ये क्विक सिंक (इंटेलची हार्डवेअर एन्कोडिंगची सोय) नाही, हेही घेण्याआधी ध्यानात ठेवा; हार्डवेअर एन्कोडिंग हवं असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. आणि प्रत्येक प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे भरपूर कामात बाहेर पडणारी उष्णता, १२० वॉट. एप्रिलमध्ये त्याच खोलीत बसून काम करणं मला तरी जमलं नाही.

त्यामुळे आता कापतो भावाच्या डेस्कटॉपवर, प्रॉक्सीवर. रेंडर रात्री सर्व्हरवर. दोन्हीकडे केडेनलाइव्हची आवृत्ती एकच ठेवलीय आणि फुटेजचा फोल्डर एकाच नावाने, एकाच जागी माउंट केलाय, म्हणजे स्क्रिप्टमधले पाथ बदलत बसावे लागत नाहीत.