सेमिनरी हिल्सवरील महाविद्यालय : सात महिन्यांनंतर

मुलीला जुलैत नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालयात बी.ए.ला घातले, तेव्हा "एवढ्या दूर टेकडीवर कशाला?" असे गावात अनेकांनी विचारले आणि पहिले चार महिने मलाही तेच वाटत होते. काटोल तालुक्यातून एसटीने शहराच्या मध्यातल्या गणेशपेठ बसस्थानकावर उतरायचे आणि तिथून पुन्हा मागे टेकडीकडे ऑटोने यायचे, असा तिचा रोजचा क्रम होता. विद्यार्थी पासामुळे एसटीला एक तृतीयांशच भाडे लागे. पण ऑटोवाले एका फेरीला शंभर रुपये घेत, आणि दिवाळीआधी एकाने दीडशे घेतले, त्या दिवशी मुलीचे नाव काढून घ्यावे असे मी ठरवले.

तत्पूर्वी जागा स्वतः पाहावी म्हणून मी तिच्यासोबत गेलो. एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी, "काटोल नाक्यावरच उतरा, टेकडी तिथून जवळ पडते," असे सांगितले. आम्ही उतरून चालत निघालो. चार महिने आम्ही नाका ओलांडून शहराच्या मध्यात जात होतो आणि तिथून परत येण्याचे पैसे मोजत होतो, हे मला फार लागले.

त्या वाटेवर मुलीने मला बरेच सांगितले. टेकडीचे नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेवरून पडले. महाविद्यालय 1956 सालचे, म्हणजे नागपूरचा जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचा मान गेला त्याच वर्षीचे. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते सतराव्या शतकातले जिनिव्हाचे बिशप. लोक प्रवचनाला येईनात तेव्हा त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून घरांच्या दारांखालून आत सरकवले, आणि म्हणूनच 1923 मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. चार वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी मुलगी चढणीवर दम लागत असतानाही हे सलग सांगत होती. आवारात पोहोचलो तेव्हा झाडांची सावली होती, वाहनांचा गोंगाट मागे राहिला होता, आणि नाव काढून घेण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही.

पायपीट मात्र खरी आहे. तिच्या चपलेचा तळ तीन महिन्यांत टाचेशी झिजून पातळ झाला आणि मेच्या उन्हात ही चढण कशी निभेल याची मला काळजी वाटते. ज्यांची मुले काटोलकडून येणार आहेत त्यांनी पास काढण्यापूर्वी थांबा नीट विचारून घ्यावा. आमचा पास अजून गणेशपेठेपर्यंतचा आहे, पुढच्या महिन्यापासून तो नाक्यापर्यंतचा काढणार आहोत.