वूफरलाच गळा द्यायचा, की मधे मिडरेंज बसवायचा?

घरी स्पीकर बांधणाऱ्यापुढे हा प्रश्न येतोच. बारा इंची वूफरला, म्हणजे खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरला, बाराशे हर्ट्झपर्यंत चढू द्यायचं आणि वर थेट हॉर्न, म्हणजे भोंगा, ठेवायचा, की साडेतीनशेला त्याला थांबवून मधल्या स्वरांसाठी पाच इंची मिडरेंज बसवायचा? मी दोन्ही जोड्या बांधल्या. घरात एकच राहिली.

थ्री-वेची, म्हणजे वूफर, मिडरेंज आणि वरच्या स्वरांचा ट्वीटर अशा तिघांच्या मांडणीची, बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तीच जड आहे. बारा इंची वूफरचा हलणारा कोन साधारण २६ सेंटीमीटरचा, आणि १३०० हर्ट्झची तरंगलांबीही तेवढीच. त्या आसपास पोचला की वूफर आवाज खोलीभर पसरवायचा सोडून टॉर्चसारखा समोर टाकायला लागतो. पंधरा इंचीचं हे हजारालाच होतं. पाच इंची मिडरेंजवर ही वेळ तीन हजारांच्या पुढे येते, आणि तोवर ट्वीटर कामाला लागलेला असतो. म्हणून दिवाणावर कुणी, कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणी, असं घर असेल तर थ्री-वे सगळ्यांना बऱ्यापैकी सारखी ऐकू येते. हे मान्यच.

मग मला खटकलं काय? धैवत.

माझं ऐकणं बहुतेक ख्याल-ठुमरी. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज २०८ हर्ट्झला असतो. त्यावरून शुद्ध धैवत येतो ३४७ ला. म्हणजे साडेतीनशेचा क्रॉसओव्हर, वूफरने आवाज मिडरेंजकडे सोपवायची जागा, नेमका धैवतावर! पंचमापर्यंत गळा कसा भरीव, आणि धैवत ओलांडून तार षड्जाला टेकला की तोच अंमळ सडपातळ. मींडेत तर सांधा जाणवायचाच. घरी येणारे म्हणायचे, आम्हाला नाही बुवा कळत. त्यांचंही खरं असेल. ३५० हर्ट्झची तरंगलांबी मीटरभर, वूफर आणि मिडरेंजमधलं अंतर तिच्या निम्म्याहून कमी, तेव्हा शास्त्राप्रमाणे सांधा लपायला हवा. पण वूफर कागदी आणि मिडरेंज पॉलिप्रॉपिलीनचा, एक जमिनीजवळ तर दुसरा कानाच्या उंचीला, आणि मी बसतो जेमतेम सात फुटांवर. एकदा खटकलं की मग कान तेवढंच शोधत बसतो. क्रॉसओव्हर दोनशेला आणावा तर षड्जच सांध्यावर येतो; पाचशेला न्यावा तर तार ऋषभ-गंधाराच्या मधे.

खर्चाचंही आहेच. साडेतीनशेच्या साध्या फर्स्ट ऑर्डर क्रॉसओव्हरला (प्रत्येक बाजूला एकच सुटा भाग) ८ ओहमवर ३.६ मिलिहेन्रीची कॉईल आणि ५७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. बाराशेला हेच सुमारे १ मिलिहेन्री आणि १७ मायक्रोफॅरडवर भागतं. जाड तांब्याची कॉईल गुंडाळून घेतली असेल त्याला हा फरक सांगायला नको.

बारा इंचीत मंद्रापासून तार पंचमापर्यंतचे मूळ स्वर एकाच कोनातून येतात. कोन मोठा म्हणून हलतोही थोडासाच; बायाँ घुमत असताना गळा थरथरत नाही. सारंगी ऐकून मी तरी निकाल देऊन टाकला.

मात्र कुठलाही बारा इंची चालणार नाही. गाडीच्या डिकीतला सबवूफर तर नाहीच. जड कोन, जाड रबरी कड, मधल्या पट्टीत त्याचा घसाच बसतो. स्टेजच्या कामाचा, हलक्या कागदी कोनाचा आणि कापडी घडीच्या कडेचा हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असे मिळतात. जमलं तर हाताने कोन दाबून पाहा. असा वूफर पन्नास हर्ट्झच्या खाली फारसा उतरत नाही, आणि डबाही मोठा मागतो. सिनेमे बघणाऱ्याला वेगळा सबवूफर लागेल.

वर घुमटाचा ट्वीटर लावू नका, बाराशेला तो तग धरत नाही. हॉर्नच्या मागे बसणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हर घ्या, आणि आवाज चढा वाटेल तेव्हा रेझिस्टरने उतरवा. टॉर्चची तक्रार हॉर्नने बरीच मिटते. वूफर जिथे अरुंद होतो तिथे हॉर्नही तेवढाच पसरणारा असला, की बाजूला बसणाऱ्याला मधे खड्डा जाणवत नाही. जेबीएल या अमेरिकन स्पीकर कंपनीने १९८१ च्या ४४३० या मॉडेलमध्ये पंधरा इंची वूफर हजार हर्ट्झपर्यंत असाच चालवला होता, तोही स्टुडिओतल्या मॉनिटरमध्ये.

खोली मोठी, माणसं पुष्कळ आणि ऐकणं सरमिसळ असेल तर थ्री-वे करा, पस्तावणार नाही. एकच खुर्ची आणि गाणंच ऐकायचं असेल, तर मी बारा इंचीकडे बोट दाखवीन. फक्त हॉर्नची रुंदी वूफरच्या जवळपास ठेवा. दुकानदार हटकून लहान हॉर्न पुढे करतो, आणि तो खाली बाराशेपर्यंत आवाज धरू शकत नाही.