चौथा इंडियाना जोन्स: डीव्हीडी घ्यावी की ब्लू-रे?

इंडियाना जोन्स चित्रपटमालिकेतल्या १९८९च्या तिसऱ्या भागानंतर थेट २००८ साली आलेला हा चौथा भाग त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही रूपांत बाजारात आला. डीव्हीडीवर चित्राच्या जेमतेम ४८० किंवा ५७६ ओळी, ब्लू-रेवर १०८०. सुरुवातीच्या गोदामातल्या प्रसंगातच फरक कळतो: खोक्यांच्या लाकडाच्या रेषा, नायक हॅरिसन फोर्डच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, सगळं लख्ख. पण हीच स्पष्टता जंगलातल्या पाठलागात अंगाशी येते. संगणकावरची झाडी आणि ती माकडं (कुणाला सुचली कोण जाणे!) उघडी पडतात, डीव्हीडीच्या मऊ चित्रात ती खपून जातात. दिग्दर्शक स्पीलबर्गची कॉमेंट्री (चित्रपट चालू असताना ऐकू येणारं त्याचं भाष्य) कशातच नाही, तो ती करतच नाही. मोठा पडदा असेल तर ब्लू-रेच. छोट्या टीव्हीला डीव्हीडी पुरे.